सासूबाईंना मशीनची ट्रीटमेंट द्यावी का?

पत्र:

मॅडम, आम्ही सांगलीला राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. वर्षभरापासून घराबाहेर पडत नाहीत. भजनी मंडळ सुटलं, पेपर वाचणं सुटलं. पहाटे तीनलाच उठून बसतात. पोटात आग पडते म्हणतात. एन्डोस्कोपी केली, काही निघालं नाही. जेवण निम्म्यावर आलंय, हल्ली विसरतातही. ‘देवा, आता ने रे बाबा’ हे तर रोजचंच. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. एस्सिटालोप्रॅम ५ मिलिग्रॅम तीन महिने झाली, फरक नाही म्हणून ती बंद करून सर्ट्रालिन ५० दिली, तिला पाच आठवडे झाले. झोपेसाठी क्लोनाझेपॅम कितीतरी वर्षांपासून चालू आहे. बीपीची गोळी आहे, दोन्ही गुडघे बदललेत, कानाला मशीन आहे. आता पुण्यातल्या एका क्लिनिकने टीएमएस, म्हणजे डोक्यावर चुंबकीय ठोके देणारी मशीनची ट्रीटमेंट सुचवलीय, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. नणंद पुण्यात असते. ती म्हणते, ‘या वयात आईच्या डोक्याला शॉक द्यायचे नाहीत.’ दीर बंगळूरला असतात. ते म्हणतात, ‘तसलाच हेडसेट ऑनलाइन मिळतो, घरीच लावू.’ आणि सासूबाई म्हणतात, ‘माझं वय झालं, माझ्यावर पैसे घालवू नका.’ मी कुणाचं ऐकू?

— एक सून

उत्तर:

ताई, मशीनकडे वळण्याआधी एक काम आहे आणि ते आजच करा. ‘देवा, आता ने’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या आजी-आजोबांच्या तोंडी असतं की घरातल्यांच्या कानांना त्याची सवय होऊन जाते. जेवण निम्म्यावर आलेलं, पहाटे तीनला जाग आणि त्यात हे वाक्य, असं असेल तर ते सवयीचं म्हणून सोडून देऊ नका. दुपारी घर शांत असताना शेजारी बसा आणि सरळ विचारा: ‘आई, जीव नकोसा झालाय का? स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, किंवा आलंच नाही आणि तुम्हाला धास्ती वाटली, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. रात्री-अपरात्री सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. ती मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. उत्तर काहीही आलं तरी घरातल्या सगळ्या गोळ्यांचा डबा आजपासून तुमच्या ताब्यात ठेवा.

आता औषधांकडे येते. तुमच्या पत्रातली ही माहिती मी दोनदा वाचली. टीएमएस साधारणपणे कुणाला सुचवतात? ज्यांना निदान एक-दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनही उतार पडला नाही त्यांना. एस्सिटालोप्रॅमचा ५ मिलिग्रॅम हा म्हाताऱ्या माणसासाठी सुरुवातीचा डोस आहे. सोसतंय असं दिसलं की तो सहसा १० पर्यंत नेतात. सर्ट्रालिन ५० वर सुरू होते आणि गरज पडली तर हळूहळू बरीच वर नेता येते. शिवाय या वयात औषधाचा गुण दिसायला तरुणांपेक्षा जास्त वेळ लागतो, कधी आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक. म्हणजे सासूबाईंच्या बाबतीत दोन औषधं ‘फेल’ गेली असं मला तुमच्या पत्रावरून म्हणता येत नाही. एक कमी डोसवर राहिलं, दुसऱ्याची अजून परीक्षाच झालेली नाही. डॉक्टरांनी डोस कमी ठेवण्यामागे कारण असू शकतं, चक्कर, सोडियम, हृदयाचा आलेख, काहीही. म्हणून तुम्ही घरी डोस वाढवायचा नाही. पण ‘डॉक्टर, हा पूर्ण डोस आहे का, आणि नसेल तर का नाही?’ हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सोडियमचं नाव मुद्दाम घेतलं. बीपीच्या काही गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं, आणि सर्ट्रालिनसारख्या औषधांबरोबर ते घेतल्यावर म्हाताऱ्या बायकांचं रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. ते उतरलं की माणूस सुस्त होतो, गोंधळतो, विसरतो, तोल जातो. घरातल्यांना वाटतं, डिप्रेशन वाढलं किंवा वेड लागलं. एका साध्या रक्ततपासणीत हे कळतं. त्याच रक्तात थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन आणि साखरही बघून घ्या. थायरॉइड मंद असेल तर जगातलं कुठलंही मशीन उदासी घालवणार नाही. विसरण्याबद्दल सांगायचं तर, या वयात डिप्रेशनमुळेही स्मरण मंदावतं आणि डिप्रेशन उतरलं की बरंचसं परत येतं. पण कधी तीच स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते. तज्ज्ञांनी ते स्वतंत्रपणे तपासायला हवं.

आणखी एक. साठीच्या पुढच्या, औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेत आणि कॅनडात झालेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. चालू औषध बंद करून नवं सुरू करण्यापेक्षा, चालू औषधाला ॲरिपिप्राझोल या दुसऱ्या औषधाची जोड दिली तेव्हा पूर्ण बरे होणारे जास्त निघाले, साधारण २९ टक्के विरुद्ध १९ टक्के. तुमच्याकडे आतापर्यंत फक्त गोळी बदलली गेली आहे. जोड देऊन बघणं हा पर्याय अजून शिल्लक आहे, तो डॉक्टरांशी बोला.

हे सगळं नीट झालं आणि तरी सासूबाई तशाच राहिल्या तर? तर माझं मत स्पष्ट आहे: टीएमएस जरूर करावं. वय ७२ आहे हे ते नाकारण्याचं कारण नाही.

नणंदबाईंची भीती मला समजते. ‘डोक्याला मशीन’ म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर सिनेमातले शॉक येतात. पण टीएमएस म्हणजे शॉक नव्हे. इंग्लंडमधल्या शेफील्डला १९८५ साली अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा दाखवून दिलं की डोक्यावर तारेचं वेटोळं धरून त्यातून विजेचा झटपट बदलणारा प्रवाह सोडला, तर त्याचं चुंबकीय क्षेत्र कवटीतून आरपार जातं आणि मेंदूच्या पेशींमध्ये बारीकसा प्रवाह उमटवतं. तुमच्या इंडक्शन शेगडीचं तत्त्व हेच. फक्त इथे ठोके इतके क्षणिक असतात की काही तापत नाही. नैराश्यात मेंदूचा डावीकडचा पुढचा भाग मंदावलेला आढळतो. साधारणपणे तिथे, पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटीमीटर खोलीपर्यंत हे ठोके पोचतात. काही आठवडे रोज दिल्याने मनःस्थितीशी संबंधित मेंदूतल्या जोडण्या पुन्हा कामाला लागतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली याला डिप्रेशनसाठी मंजुरी दिली. भारतात बंगळूरच्या निम्हान्समध्ये आणि रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत यावर बरंच काम झालं आहे.

सासूबाईंना प्रत्यक्षात काय जाणवेल? दातांच्या डॉक्टरकडे असते तशा खुर्चीत बसायचं. भूल नाही, उपाशीपोटी येणं नाही. पहिल्या दिवशी डॉक्टर ते वेटोळं (कॉइल) डोक्याच्या एका बाजूला ठेवून सासूबाईंच्या विरुद्ध बाजूच्या हाताचा अंगठा कितव्या जोरावर उडतो ते बघतात. त्यावरून प्रत्येकाची मात्रा वेगळी ठरते. मग टकटकटक असा आवाज आणि टाळूवर टिचक्या मारल्यासारखं. जुन्या पद्धतीचं एक सेशन अर्ध्या-पाऊण तासाचं असे, नव्या ‘थीटा बर्स्ट’ पद्धतीत काही मिनिटांत आटोपतं. पहिला आठवडा डोकं दुखतं, टाळू हुळहुळते. बहुतेकांचं ते पॅरासिटामॉलवर भागतं आणि नंतर कमी होतं. स्मरणशक्तीला धक्का लागत नाही. फिट येण्याचा धोका आहे, पण तो फार विरळा, हजारात एकापेक्षाही कमी रुग्णांमध्ये. नणंदबाईंना हे सांगा. आणि जमलं तर त्यांनाच पहिल्या सेशनला सोबत न्या, खोलीत बसू देतात.

(जाता जाता शॉकबद्दलही बोलते, कारण त्याची बदनामी जरुरीपेक्षा जास्त झाली आहे. शॉकची ही ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, आज पूर्ण भूल देऊन, स्नायू सैल करून करतात. तसं न करता ईसीटी देणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बेकायदा ठरवलं आहे. त्यात काही काळाचं विस्मरण होतं, हे खरं. पण वृद्धांच्या तीव्र डिप्रेशनमध्ये त्याच्याइतका प्रभावी आणि जलद उपाय आपल्याकडे दुसरा नाही. सासूबाईंनी अन्नपाणी सोडलं, ‘माझी आतडी सडली’, ‘आपण भिकेला लागलो’, ‘माझ्या हातून पाप झालं’ असं ठामपणे म्हणू लागल्या, किंवा जिवाला धोका दिसला, तर टीएमएसच्या सहा आठवड्यांची वाट बघू नका. तिथे ईसीटी हाच पहिला विचार.)

या वयात टीएमएसचा उपयोग होतो का, हा तुमचा खरा प्रश्न. सुरुवातीच्या अभ्यासांमध्ये म्हाताऱ्या माणसांचे निकाल फिके आले होते आणि तेव्हापासून ‘साठीनंतर मशीन चालत नाही’ असा समज पसरला. तो समज अजून कित्येक डॉक्टरांच्याही मनात आहे. त्यामागे एक साधं कारण होतं. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो, टाळू आणि मेंदू यांच्यातलं अंतर वाढतं आणि चुंबकीय क्षेत्र तर अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होतं. तेव्हा मात्रा बेताची ठेवली जाई आणि सेशनही कमी असत. थोडक्यात, म्हाताऱ्यांना ट्रीटमेंट पोचतच नव्हती. पुढे कॅनडातल्या टोरंटोच्या डॉक्टरांनी मुद्दाम साठीपुढच्यांवर अभ्यास केले. २०१८ साली, जास्त खोल पोचणारी कॉइल वापरलेल्या एका छोट्या अभ्यासात खऱ्या ट्रीटमेंटने ४० टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले, नुसतं नावाला मशीन लावलेल्यांपैकी १५ टक्क्यांच्या आसपास. २०२२ साली त्यांनी साठीपुढच्या १७२ जणांना मेंदूच्या दोन्ही बाजूंना ठोके दिले. अर्ध्यांना पाऊण तासाच्या जुन्या पद्धतीने, अर्ध्यांना चार मिनिटांच्या थीटा बर्स्टने. दोन्हीकडे साधारण तिघांतला एक पूर्ण बरा झाला.

तिघांतला एक. हा आकडा मनात नीट ठेवा. कारण क्लिनिकमधून तुम्हाला ‘८०-९० टक्के गॅरंटी’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून यायचं. पण दुसऱ्या बाजूने बघा. हे आकडे अशा लोकांचे आहेत ज्यांना गोळ्यांनी उतार पडला नव्हता. त्यांच्यातला तिसरा माणूस पुन्हा स्वतःहून स्वयंपाकघरात यायला लागतो, आणि पुरता बरा न झालेल्यांपैकीही अनेकांची झोप, भूक, बोलणं सुधारतं. मी हे रुग्णांमध्ये बघते आणि मला ते थोडं वाटत नाही.

आता सासूबाईंच्या अंगावरच्या गोष्टी. गुडघ्यातले सांधे धातूचे असले तरी चालतात, कॉइलपासून ते फार लांब आहेत. मोतीबिंदूची लेन्स, हृदयातला स्टेंट यांचीही सहसा अडचण नसते. कानाचं मशीन सेशनपुरतं काढून ठेवायचं, आणि ऐकू कमी येत असलं तरी कानात बोळे घालायचेच, कारण आवाज मोठा असतो. मात्र कानाचं मशीन म्हणजे बाहेरून लावायचं हिअरिंग एड. ऑपरेशन करून आत बसवलेलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर टीएमएस करता येत नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीला धातूची क्लिप, डोक्यात धातूचा तुकडा असेल तरी नाही. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. पूर्वी कधी फिट आली होती का, अर्धांगवायूचा झटका आला होता का, हे तुम्हाला विचारलं गेलं नसेल तर तुम्हीच सांगा.

आणि ती झोपेची गोळी. क्लोनाझेपॅमच्या गटातली औषधं चालू असलेल्यांना टीएमएसचा गुण कमी येतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. शिवाय या वयात तीच गोळी तोल घालवते, विसरायला लावते. सासूबाईंच्या विसरण्यात तिचा वाटा असू शकतो. पण मशीन सुरू व्हायचंय म्हणून ती एकदम तोडू नका! वर्षानुवर्षांची क्लोनाझेपॅम अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, आणि नेमक्या त्याच दिवसांत टीएमएस म्हणजे धोका दुप्पट. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाव-पाव करत, आठवड्यांच्या हिशेबाने कमी करायची असते.

दिरांच्या हेडसेटला माझं ‘नको’ आहे. ते उपकरण टीएमएस नव्हेच. त्याला टीडीसीएस म्हणतात. त्यात चुंबक नसतो, बॅटरीवर एक-दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह कपाळावरच्या पट्ट्यांमधून सोडतात. २०१७ साली ब्राझीलमधल्या अभ्यासात ते एस्सिटालोप्रॅमच्या बरोबरीचं असल्याचं सिद्ध होऊ शकलं नाही. २०२३ साली जर्मनीत गोळ्यांच्या जोडीला देऊन बघितलं, तर खऱ्या आणि खोट्या उपकरणात फरक निघाला नाही. सगळ्याच अभ्यासांचे निकाल असे नाहीत, संशोधन चालू आहे. पण कातडी नाजूक झालेल्या, जेवण निम्म्यावर आलेल्या ७२ वर्षांच्या बाईवर घरच्या घरी हा प्रयोग करण्यात वेळ जाईल, आणि आज तुमच्याकडे वेळच नाही. दिरांना मदत करायची इच्छा आहे ही मोठी गोष्ट. त्यांना सेशनच्या खर्चातला वाटा उचलू दे.

खर्चाचं बोलायचं तर क्लिनिककडून एका सेशनचा नव्हे, सगळ्या सेशनचा मिळून आकडा लेखी घ्या. मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांप्रमाणेच विमा मिळाला पाहिजे असं २०१७ चा कायदा म्हणतो. पण टीएमएस ॲडमिट न होता होतं, त्यामुळे तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का ते आधीच विचारून ठेवा. मशीन कोण चालवणार, मानसोपचारतज्ज्ञ स्वतः मात्रा ठरवतात का, फिट आली तर तिथे काय सोय आहे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूचं आकसणं धरून जोर ठरवतात का, हेही विचारा. शेवटचा प्रश्न ऐकून समोरचा माणूस गोंधळला तर दुसरं ठिकाण शोधा. ‘पाच दिवसांत पूर्ण बरं’ अशी जाहिरात दिसली, तर ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या पद्धतीवरून घेतलेली असणार. तिथे एमआरआयवरून प्रत्येकाची जागा ठरवून दिवसाला दहा सेशन देतात, आणि २०२२ साली छापून आलेला त्यांचा मुख्य अभ्यास जेमतेम तीस जणांचा होता.

पुण्यात सहा आठवडे राहणं ही माझ्या दृष्टीने ट्रीटमेंटइतकीच मोठी गोष्ट. स्वतःचं अंथरूण, स्वतःचा देवघराचा कोपरा सोडून डिप्रेशनमधला म्हातारा माणूस दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये आणखी मिटतो. म्हणून आधी मिरजेत, कोल्हापुरात चौकशी करा, रोज जाऊन-येऊन जमेल असं काही आहे का. नाहीच मिळालं तर नणंदबाईंकडे राहताना पहिले आठ-दहा दिवस तुम्ही सोबत राहा. आणि सेशन झालं की लगेच रिक्षात बसून घरी, असं करू नका. पंधरा मिनिटं चालवा, वाण्याकडून चार जिन्नस आणायला सांगा, नातवंडांचा गृहपाठ त्यांच्यापुढे ठेवा, शिक्षिका होत्या त्या! मशीन मेंदूला हलवतं, पण त्या हललेल्या मेंदूला करायला काही हवं. बोलून करायचे उपचार, विशेषतः एकेक छोटी अडचण घेऊन ती सोडवायला शिकवणारी पद्धत, वृद्धांमध्ये चांगली लागू पडते. पुण्यात तशी समुपदेशक मिळेल.

सासूबाईंना काय सांगायचं? ‘तुमच्या भल्यासाठी आम्ही ठरवलंय’ असं तर मुळीच नको. त्या शुद्धीत आहेत, समजून घेऊ शकतात, तेव्हा ‘हो’ किंवा ‘नाही’ त्यांचं असायला हवं, कायदाही तेच म्हणतो. पण ‘माझं वय झालं, पैसे घालवू नका’ हे त्यांचं मत आहे की आजाराचं, याचा विचार करा. आपण ओझं झालो आहोत असं वाटणं हे डिप्रेशनचंच लक्षण. तेव्हा असं म्हणून बघा: ‘आई, गुडघे बदलले तेव्हा वय आडवं आलं नाही. हा पण आजारच आहे. दहा सेशन करून बघू, नाही सोसलं तर तुम्ही थांबा म्हणाल तेव्हा थांबू.’ आणि तो शब्द पाळा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून वृद्धांसाठीची पंधरा प्रश्नांची नैराश्य प्रश्नावली भरून घ्या आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा. घरच्यांच्या अंदाजावर जाऊ नका, आशेपोटी आपल्याला एखादं हसूही सुधारणा वाटतं. काहींना गुण चौथ्या-पाचव्या आठवड्यात येतो, म्हणून दहा सेशननंतर त्या तयार असतील तर मध्येच सोडू नका. बरं वाटलं तर गोळ्या चालूच ठेवायच्या आणि पुन्हा घसरण दिसली तर काही सेशन परत देता येतात, तेही आधीच बोलून ठेवा. तीस सेशन होऊनही प्रश्नावलीचा आकडा हलला नाही, तर तुम्ही हरला नाहीत. लिथियमची जोड आहे, नॉरट्रिप्टिलिन आहे, ईसीटी आहे. त्या दिवशी मला पुन्हा लिहा, सोबत रक्ताचे रिपोर्ट आणि प्रत्येक औषध कधीपासून कधीपर्यंत, किती डोसमध्ये दिलं त्याची यादी जोडा.